लॅपटॉप वरती, पंप खाली



फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की त्यात एक नाव हमखास सापडतं: 'पीएलसी बेस्ड ऑटोमॅटिक पंप कंट्रोल'. अलीकडे त्याच्या आधी 'वायरलेस' हा शब्द चिकटवतात. त्याने नाव वजनदार होतं आणि व्हायवाला एक्स्टर्नल दोन प्रश्न जास्त विचारतात, एवढाच फरक पडतो असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्या एका शब्दाने प्रोजेक्टचा स्वभावच बदलतो. कसा, ते या लेखात पाहू. इलेक्ट्रिकल, ई अँड टीसी, मेकॅनिकल अशा सगळ्यांना झेपेल अशा बेताने लिहिलं आहे. कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचावं, कारण शेवटी अडचण त्यांच्याच विषयाची निघते.

उदाहरण आपल्या दारातलंच घेऊ. मेढ्याचा परिसर म्हणजे वेण्णेचं खोरं. नदी खाली, वस्ती वर आणि पाण्याची टाकी वस्तीच्याही वर. जॅकवेल आणि पंपघर अर्थातच नदीकाठी. उन्हाळ्यात तिथवर जाणं म्हणजे संध्याकाळचा फेरफटका. जुलैत महाबळेश्वरकडून ढग उतरले की तीच वाट चिखलाची होते. रात्री अकराला लाइट आली की कुणीतरी बॅटरी आणि छत्री घेऊन मोटर चालू करायला खाली उतरतं. त्यात पॅनलमधल्या पीएलसीचा एखादा टायमर बदलायचा असेल तर बघायलाच नको. लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायचा, पॅनलचं दार उघडून उकिडवं बसायचं, लॅपटॉप मांडीवर, केबल हातात, आणि वरून पत्र्यातून ठिबकणारं पाणी कुठे पडतंय त्यावर एक डोळा. हे सगळं वर खोलीत बसून करता आलं तर? प्रश्न रास्त आहे. उत्तरही 'हो, येतं' असंच आहे, आणि आपण समजतो त्याहून सोपं आहे. खरा विचार त्याच्या पुढे करावा लागतो.

आधी लॅपटॉपची जागा ओळखा

पीएलसीचा जन्म कारखान्यातल्या कटकटीतून झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला १९६८ मध्ये रिलेंनी खच्चून भरलेल्या पॅनलला पर्याय हवा होता. मोटारीचं मॉडेल बदललं की शेकडो वायरी उपटून पुन्हा जोडायच्या, हे किती दिवस चालणार? डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र बनवलं त्याचं नाव मोडिकॉन ०८४. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रोजेक्ट, म्हणून ०८४. आपल्या प्रोजेक्टची नावं यापेक्षा लांब असतात!

पीएलसी काय करतो? इनपुट वाचतो, लॅडर सोडवतो, आउटपुट लिहितो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे चक्र काही मिलिसेकंदांत पूर्ण होतं आणि रात्रंदिवस चालू असतं. यात लॅपटॉप कुठे आला? कुठेच नाही. लॅपटॉप हा त्या घरचा पाहुणा. येतो, विचारपूस करतो, एखादी वस्तू इकडची तिकडे ठेवतो आणि निघून जातो. पाहुणा गेला म्हणून घरची चूल विझत नाही.

ही गोष्ट पक्की डोक्यात बसली तर निम्मं काम झालं. कारण आपल्याकडचे बरेच प्रोजेक्ट नेमके इथेच घसरतात. टाकी भरली का हे लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम बघतो, मोटर बंद करायची हेही तोच ठरवतो, आणि पीएलसी फक्त हुकमाचा ताबेदार. डेमोला हे छान दिसतं. पण मधली हवा कधीतरी दगा देणारच. लॅपटॉप झोपतो, बॅटरी संपते, रूममेट चार्जर काढून नेतो. तेव्हा मोटर चालू ठेवणारा बिट पीएलसीत जसा होता तसाच राहतो. 'बंद कर' म्हणणारा कुणी उरत नाही आणि टाकी रात्रभर वाहते. तेव्हा डोकं पीएलसीतच ठेवा. वायरलेसवरून फक्त निरोप जाऊ द्या.

जोडायचं कसं

लॅबमध्ये जुना पीएलसी असेल तर त्याला आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट असतो. त्याला ब्लूटूथ-सिरियल अडॅप्टर लावला की लॅपटॉपवर एक नवा कॉम पोर्ट दिसू लागतो आणि सॉफ्टवेअरला वाटतं की केबलच लावली आहे. विंडोजमध्ये असे दोन पोर्ट तयार होतात, एक आउटगोइंग आणि एक इनकमिंग. आपल्याला आउटगोइंग हवा. एवढ्या एका गोष्टीवर मुलांचे अर्धे दिवस जातात म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्वस्तातलं एचसी-०५ मॉड्यूल वापरणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हे मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या पातळीवर बोलतं आणि आरएस-२३२ चे व्होल्टेज उणे-अधिक दोन्हीकडे त्याच्या कितीतरी पट जातात. मध्ये मॅक्स-२३२ सारखी आयसी न घालता थेट जोडलं तर मॉड्यूल जळू शकतं. दुसरी गोष्ट थोडी छुपी आहे. डेल्टाचे डीव्हीपी पीएलसी कारखान्यातून येतात ते ९६०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट अशा सेटिंगवर. एचसी-०५ ला मात्र ८ डेटा बिटच येतात. दोघं एकमेकांशी बोलतात पण एकमेकांना कळत नाही. आधी साध्या केबलने जोडून पीएलसीचं सेटिंग ८ बिट, नो पॅरिटी करून घ्यायचं, मगच केबल काढायची.

याउपर मॉडबस आरटीयू वापरत असाल तर आणखी एक भानगड. त्यात एक निरोप संपला हे कळण्यासाठी साडेतीन अक्षरांएवढी शांतता लागते. ९६०० बॉडला, अक्षरामागे ११ बिट धरले तर, एक अक्षर साधारण १.१५ मिलिसेकंदांचं, म्हणजे शांतता सुमारे ४ मिलिसेकंदांची. केबलमध्ये अक्षरं एकापाठोपाठ एक रांगेत येतात. रेडिओ मात्र ती पुड्या बांधून पाठवतो आणि दोन पुड्यांमध्ये ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ सहज जातो. पीएलसीला वाटतं निरोप संपला, अर्धाच निरोप हातात धरून तो सीआरसी तपासतो आणि गप्प बसतो. सॉफ्टवेअरवर 'टाइमआउट' दिसतं आणि आपण मॉड्यूलला शिव्या घालतो. उपाय म्हणजे मॉडबस एएससीआयआय वापरा. त्यात निरोपाला सुरुवात आणि शेवट दाखवणारी खुणेची अक्षरं असल्याने मधली शांतता एवढी महत्त्वाची राहत नाही. शिवाय सॉफ्टवेअरमधला टाइमआउट वाढवून एक सेकंद करा.

पीएलसीला इथरनेट पोर्ट असेल तर काम आणखी सरळ. पीएलसीपासून एक लॅन केबल ॲक्सेस पॉइंटपर्यंत, आणि तिथून पुढे वायफाय. फक्त ॲक्सेस पॉइंट लोखंडी पॅनलच्या आत ठेवू नका. बंद लोखंडी पेटीतून लहरी बाहेर पडत नाहीत हे बारावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळे शिकलो, आणि पंपघरात गेलो की सगळे विसरतो. अँटेना बाहेर हवी.

पत्त्यांचं गणित मात्र नीट करा. पीएलसीला ठरलेला पत्ता द्या, समजा १९२.१६८.५०.१०, आणि लॅपटॉपला १९२.१६८.५०.२०. दोघांचा मास्क २५५.२५५.२५५.०. मधला ५० मुद्दाम घेतला आहे. हॉस्टेलचे बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ मध्ये असतात. पंपाचं नेटवर्कही त्याच मालिकेत ठेवलं आणि लॅपटॉप एकाच वेळी दोन्हीकडे जोडलेला असला, म्हणजे एक वायफाय हॉस्टेलचं आणि दुसरं यूएसबीवरचं, तर निरोप भलत्याच दाराने बाहेर पडतो आणि पिंगला उत्तर येत नाही. पंपाकडच्या कार्डावर गेटवेची जागा रिकामी ठेवा. पिंग लागला की सिमेन्सच्या एस-७ मालिकेसाठी १०२ आणि मॉडबस टीसीपीसाठी ५०२ हे पोर्ट उघडे आहेत का बघा. झालं, जोडणी संपली.

एक पथ्य आहे. पूर्ण प्रोग्रॅम डाउनलोड करायचा असेल किंवा फर्मवेअर बदलायचं असेल तर ते वायरलेसवरून करू नये. डाउनलोडच्या वेळी पीएलसी बहुधा स्टॉपमध्ये जातो. अर्ध्यात लिंक तुटली तर तो स्टॉपमध्येच राहतो, आणि मग त्याच चिखलातून, त्याच केबलसह खाली उतरणं आलंच.

डोंगर, झाडं आणि पाऊस

खोलीतून लॅबपर्यंत जोडणं वेगळं आणि टेकडावरून नदीपर्यंत जोडणं वेगळं. समजा अंतर एक किलोमीटर आहे. २.४ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात मोकळ्या हवेतच सुमारे १०० डेसिबलची घट होते. दोन्ही टोकांना १२ डीबीआयच्या अँटेना आणि २० डीबीएमचा ट्रान्समीटर धरला तर २० अधिक १२ अधिक १२ वजा १००, म्हणजे पलीकडे उणे ५६ डीबीएम मिळतात. हे भरपूर झालं. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला, त्याची मर्यादा ट्रान्समीटरला १ वॉट आणि अँटेनासकट ४ वॉट अशी आहे. आपलं गणित अँटेनासकट ३२ डीबीएम, म्हणजे सुमारे १.६ वॉटचं. कायद्यात बसतं.

पण गणित बसलं तरी लिंक लागेलच असं नाही. 'इथून पंपघराचा पत्रा दिसतो की!' एवढं पुरत नाही. दोन अँटेनांच्या मध्ये काकडीच्या आकाराची जागा मोकळी लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. एक किलोमीटरच्या लिंकला मध्यावर तिची त्रिज्या साधारण साडेपाच मीटर भरते आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मीटरचा भाग मोकळा हवा. मध्ये आंब्याचं झाड असलं तर पत्रा फांद्यांतून दिसेल, पण लिंक कुरकुरेल.

पावसाविषयी मात्र सर्वांचा एक गैरसमज आहे. पाऊस सुरू झाला की लिंक जाते, तेव्हा 'पाण्याने लहरी अडवल्या' असं म्हणून आपण मोकळे होतो. २.४ गिगाहर्ट्झला मुसळधार पावसाच्या धारांनी होणारी घट किलोमीटरला डेसिबलच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते, इतकी ती नगण्य. मग लिंक जाते कशाने? एक तर पानं ओली होतात, आणि ओलं झाड कोरड्या झाडापेक्षा कितीतरी जास्त लहरी गिळतं. दुसरं, अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. रबराची सेल्फ-बाँडिंग टेप खालून वर गुंडाळत गेलं आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोळ ठेवला तर पाणी ओघळून जातं. पाच मिनिटांचं काम आहे, पण पावसाळ्याआधी करायचं आहे. तिसरं कारण सगळ्यांत साधं: पंपघरातली लाइटच गेलेली असते. ॲक्सेस पॉइंटला छोटी बॅटरी द्या. आणि उंचावर अँटेना लावणार असाल तर सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग सोडू नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आपल्या प्रोजेक्टच्या मार्कांकडे बघत नाहीत.

वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं

आता मूळ मुद्दा. मॉडबस ही भाषा मोडिकॉननेच १९७९ मध्ये काढली. तेव्हा पीएलसीला बोलायचं तर वायर लागायची आणि वायर कारखान्याच्या कुंपणाच्या आत असायची. जो वायरपर्यंत पोहोचला तो आपलाच माणूस, असा हिशेब. त्यामुळे या भाषेत पासवर्ड नाही. निरोपात फंक्शन नंबर ३ असेल तर रजिस्टर वाचलं जातं, ६ असेल तर त्यात लिहिलं जातं. ५ नंबरने कॉइल चालू-बंद होते. २०१८ मध्ये मॉडबसची सुरक्षित आवृत्ती आली, पण लॅबमधले आणि पंपघरातले जुने पीएलसी जुनीच भाषा बोलतात. म्हणजे टाकीची पातळी बघणं आणि मोटर चालू करणं यांच्यात फरक किती? एका आकड्याचा. वायर काढून तिथे हवा घातली की कुंपणही गेलं, आणि उरतो तो फक्त हा आकडा.

बिनतारी वाचनाचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. कराडला लागून असलेल्या मलकापुरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना झाली, तेव्हा घराघरांत रेडिओने रीडिंग देणारी मीटर बसवली गेली. वाचणाऱ्याने हातातलं यंत्र घेऊन रस्त्याने जायचं, रीडिंग आपोआप गोळा होतं. अशा व्यवस्थेत कुणी घुसखोरी केलीच तर फार तर एखाद्याचं रीडिंग त्याला कळेल. त्याने कुणाचा नळ उघडत नाही की बंद होत नाही.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' एक पायरी पुढे गेलं. शेतकऱ्याने रात्री-अपरात्री नदीवर जायची पायपीट वाचावी म्हणून स्टार्टरला जोडायचं हे मोबाइलवर चालणारं यंत्र. फोन लावायचा, कोड दाबायचा, मोटर चालू किंवा बंद. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची मर्यादा. शेतकऱ्याला हवं तेवढंच त्यातून होतं: लाइट आहे का, मोटर चालू आहे का, चालू कर, बंद कर. स्टार्टरच्या आतली वायरिंग त्यावरून बदलता येत नाही.

आपण मात्र वायफायवरून लॅपटॉप जोडतो तेव्हा सगळंच उघडतो. वाचणं, लिहिणं, शिवाय अख्खा प्रोग्रॅम बदलणं. याचं काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००० साली दिसलं. मरूची शायर नावाच्या भागात सांडपाण्याची सुमारे दीडशे पंपिंग स्टेशनं रेडिओने जोडलेली होती. ती यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराकडे पूर्वी काम केलेला विटेक बोडेन नावाचा माणूस कौन्सिलने नोकरी नाकारल्यावर गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन फिरू लागला. पंप बंद पडायचे, अलार्म वाजायचे नाहीत, आणि इंजिनिअर आठवडेच्या आठवडे यंत्रणेतला दोष शोधत बसले. सुमारे आठ लाख लिटर मैला नाल्यांत, बागांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेला. एप्रिल २००० मध्ये तो पकडला गेला तेव्हा लॅपटॉप आणि रेडिओ गाडीतच होते. २००१ मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याने कुठलं कुलूप फोडलं नव्हतं. त्याच्याकडे योग्य सॉफ्टवेअर आणि योग्य फ्रिक्वेन्सी होती, आणि पलीकडची यंत्रं जो बोलेल त्याचं ऐकत होती.

तेव्हा वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ आणि लांबलचक पासवर्ड हवाच. कंपनीने दिलेला 'ॲडमिन' पहिल्याच दिवशी बदला. नेटवर्कचं नाव लपवल्याने काही साधत नाही, शोधणाऱ्याला ते दिसतंच. आणि 'घरून दिसावं' म्हणून राउटरमधून ५०२ नंबरचा पोर्ट इंटरनेटला उघडा करणं हे तर घराची चावी एसटी स्टँडवर टांगण्यासारखं आहे. शोडान नावाचं सर्च इंजिन २००९ पासून नेमकी अशीच उघडी यंत्रं शोधून दाखवतं. लांबून जोडायचंच असेल तर व्हीपीएन लावा.

ग्लँड दोरी भरणारा माणूस

वर सांगितलेलं सगळं बाहेरच्या माणसापासून जपण्याचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती आतल्या माणसाची. लॅपटॉप घेऊन बसलेले आपण चोर नसतो. पण आपल्याला पंपघर दिसत नाही.

समजा पंपाच्या ग्लँडमधून पाणी जास्त गळतंय. पंपावरचे मामा मोटर बंद करून, पाना घेऊन, नवी ग्लँड दोरी भरायला बसले आहेत. बोटं शाफ्टला टेकलेली. त्यांच्या मते मोटर बंद आहे. वर खोलीत आपल्याला स्क्रीनवर टाकी ३० टक्के दिसते, मोटर बंद दिसते. आपण माउसने एक क्लिक करतो. केबल लावून तिथेच बसलो असतो तर मामा समोर दिसले असते, 'मामा, हात काढा' म्हटलं असतं. वायरलेसने वाचवला तो नुसता चिखल नाही, ते समोरासमोर असणंही गेलं.

म्हणून पॅनलवर तीन जागांचा सिलेक्टर स्विच हवाच: लोकल, ऑफ, रिमोट. आणि तो नुसता पीएलसीचा इनपुट असून चालणार नाही. स्विच रिमोटवर नसेल तर पीएलसीच्या आउटपुटपासून कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंतची वायरच तुटलेली असली पाहिजे, म्हणजे प्रोग्रॅम कितीही चुकला तरी कॉन्टॅक्टर ओढणार नाही. इमर्जन्सी स्टॉपचं लाल मशरूम बटण आणि ओव्हरलोड रिलेचा कॉन्टॅक्ट यांच्यातूनच कॉइलचा सप्लाय गेला पाहिजे. हे पीएलसीला कळवायचं ते माहितीसाठी, परवानगीसाठी नव्हे. 'सॉफ्टवेअरमध्ये ई-स्टॉप दिला आहे, सर' असं व्हायवाला सांगणाऱ्याचे मार्क कापावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हात लावण्याआधी मेन आयसोलेटर पाडून त्याला कुलूप, चावी मामांच्याच खिशात, आणि 'काम चालू आहे' अशी पाटी. या कुलपाला बॅटरी लागत नाही आणि त्याचं सिग्नलवर काही अडत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना हुकूम आणि अर्ज यांत फरक करा. लॅपटॉपने थेट आउटपुटच्या कॉइलवर लिहायचं नाही. एक वेगळा बिट ठेवायचा, 'मोटर हवी आहे' असा अर्ज करणारा. त्यावर पीएलसी स्वतः बघेल: स्विच रिमोटवर आहे का, तिन्ही फेज आहेत का, जॅकवेलमध्ये पाणी आहे का, गेल्या दहा मिनिटांत मोटर किती वेळा चालू झाली. सगळं ठीक असेल तर आधी पंधरा सेकंद पंपघरात भोंगा वाजेल आणि मग मोटर चालू होईल. भोंगा दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

आणि उलट दिशेचा निरोप? स्क्रीनवर हिरवा दिवा लागला म्हणजे पाणी वर चढतंय असं नाही. तो दिवा कशावरून लावला ते विचारा. पीएलसीच्या आउटपुटवरून असेल तर त्याचा अर्थ 'मी सांगितलं' एवढाच. कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टवरून असेल तर कॉन्टॅक्टर ओढला आहे. करंट बघितला तर मोटर फिरते आहे. डिलिव्हरी लाइनवरचं प्रेशर बघितलं तरच पंपात पाणी आहे हे कळतं. फूटव्हॉल्व्ह गळून पंप कोरडा फिरत असेल तर पहिले तिन्ही दिवे हिरवेच दिसतील. मामांना हे आवाजावरून दारातच कळतं. आपल्याला कळायचं तर प्रेशर स्विच लावावा लागतो.

लिंक तुटली तर काय

लॅपटॉपने दर सेकंदाला एका रजिस्टरमधला आकडा एकाने वाढवायचा. पीएलसीने बघायचं की आकडा बदलतोय का. पाच सेकंद बदलला नाही तर समजायचं पाहुणा गेला. डेल्टामध्ये १०० मिलिसेकंदांच्या टायमरला के-५० दिलं की पाच सेकंद होतात. मग अर्जाचा बिट पीएलसीने स्वतः पुसायचा. म्हणजे लिंक परत आल्यावर जुन्या अर्जावर मोटर अचानक चालू होणार नाही, नवा अर्ज करावा लागेल.

पण चालू असलेल्या मोटरचं काय करायचं? लगेच बंद करा, असं पुस्तकी उत्तर आहे. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं लिंक जात असेल तर मोटर सारखी चालू-बंद होऊन स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळतील आणि गावाला पाणीही मिळणार नाही. बरं, चालूच ठेवा म्हणावं तर टाकीची पातळी कुठून कळते? तीही टेकडावरून रेडिओनेच येते. ती लिंक तुटली की पीएलसी आंधळा. इथे थोडं अंकगणित उपयोगी पडतं. टाकी ५०,००० लिटरची आणि पंप मिनिटाला २५० लिटर देतो असं धरा. लिंक जाण्याच्या क्षणी टाकी ६० टक्के भरलेली होती, म्हणजे २०,००० लिटरची जागा आहे. २५० ने भागलं की ८० मिनिटं. गावात कुणी पाणी घेत असेल तर टाकी भरायला उलट जास्तच वेळ लागेल. तेव्हा शेवटच्या कळलेल्या पातळीवरून उरलेली मिनिटं पीएलसीनेच काढायची, तेवढा वेळ मोटर चालू द्यायची आणि मग बंद. टाकीही वाहत नाही, आणि गाव तहानलेलंही राहत नाही. एक भागाकार आणि एक टायमर, लॅडरमध्ये चार रंग जास्त.

लॅबमध्ये करून बघायचं असेल तर मोटरऐवजी बल्ब लावा आणि मुद्दाम वाईट वागा. बल्ब चालू असताना ॲक्सेस पॉइंटचा प्लग उपसा. लॅपटॉपचं झाकण बंद करा. पीएलसीची लाइट घालवून परत आणा. सिलेक्टर लोकलवर टाकून लॅपटॉपवरून पन्नास वेळा 'चालू' दाबा. दोन लॅपटॉप एकदम जोडून एकावरून चालू आणि दुसऱ्यावरून बंद करा. प्रत्येक वेळी काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते वहीत दोन रकान्यांत लिहा. रिपोर्टमध्ये वायफायचा इतिहास चार पानं लिहिण्यापेक्षा ही दोन पानं जोडा. आणि लॅडरची एक छापील प्रत, पीएलसीचा पत्ता आणि सिलेक्टरचा अर्थ मराठीत लिहून, प्लास्टिकच्या पाकिटात पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या जुलैत तिथे उतरणारा मुलगा तुमच्या बॅचचा नसेल.